चक आणि त्याच्या कॅसेटी

मासिकाच्या मराठी विभागासाठी चरित्र लिहून दे म्हटल्यावर माझ्यापुढे जी यादी आली, तिच्यात सर विश्वेश्वरय्या होते, होमी भाभा होते, आणि एडिसन तर असतोच. ह्या सगळ्यांवर भरपूर लिहून झालेलं आहे, तेही माझ्यापेक्षा बऱ्या मराठीत (मी कॉन्व्हेंटवाली जमात, 'इत्यादी' ह्या शब्दाशी माझी ओळख दहावीनंतरची). म्हणून मी यादीबाहेरचा माणूस निवडला. त्याने इंजिनिअरिंग केलं नाही. खरं तर शाळाही पूर्ण केली नाही. त्याच्या बँडचं नाव होतं 'डेथ'. सर लोकांनी पान उलटायच्या आधी एवढंच सांगतो, की हा लेख मृत्यूवर कमी आणि कॅसेटवर जास्त आहे.

चक शुल्डिनर. पूर्ण नाव चार्ल्स मायकल शुल्डिनर. जन्म १३ मे १९६७, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. तो अगदी तान्हा असतानाच घरचे फ्लोरिडाला गेले आणि ओरलँडोजवळच्या अल्टामाँटे स्प्रिंग्ज नावाच्या गावात राहिले. ओरलँडो म्हणजे डिस्ने वर्ल्डवालं ओरलँडो. मिकी माऊसच्या शेजारगावात जगातल्या सगळ्यात कर्कश संगीताचा एक उगम व्हावा, हे मला फार आवडतं. घरात आई जेन, वडील माल, मोठा भाऊ फ्रँक, मोठी बहीण आणि हा शेंडेफळ.

चक नऊ वर्षांचा असताना फ्रँक एका अपघातात गेला. फ्रँक सोळा वर्षांचा होता. घरावर काय कोसळलं असेल ते मी लिहायची गरज नाही. धाकट्याचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली आणि शिकवणी लावली. क्लासिकल गिटारची. शिकवणीत काय, तर लहान मुलांची बडबडगीतं! चकला ते अजिबात झेपलं नाही आणि वर्षाच्या आत शिकवणी सुटली. आपल्याकडे गोष्ट इथेच संपली असती आणि गिटार माळ्यावर गेली असती. पण पुढे आईवडिलांना कुणाच्या तरी घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक इलेक्ट्रिक गिटार दिसली आणि त्यांनी ती घरी आणली. ती मात्र पोराने हातातून सोडली नाही. शिक्षक नाही, नोटेशन नाही. रेकॉर्ड लावायची आणि ऐकून ऐकून वाजवायचं. आधी 'किस', मग 'आयर्न मेडन', मग इंग्लंडचा 'व्हेनम'. शाळेत तो सुरुवातीला चांगला होता असं घरचे सांगत. मग कंटाळला, आणि एक दिवस शाळा सोडलीच. ह्या निर्णयाचा त्याला नंतर पश्चात्ताप झाला, हेही त्याने स्वतःच पुढे कबूल केलं होतं. तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री हा लेख वाचून कुणी भलत्याच प्रेरणा घेऊ नयेत.

१९८३ साल. चक सोळाचा. त्याने दोन दोस्त जमवले. कॅम ली ड्रम वाजवायचा आणि गायचासुद्धा, रिक रॉझ गिटारवर. बँडचं नाव 'मँटस'. हे नाव व्हेनमच्या गिटारवाल्याने घेतलेलं टोपणनाव, म्हणजे सरळसरळ उचललेलं. प्रॅक्टिसची जागा म्हणजे शुल्डिनरांचं गॅरेज. ज्या घराने एक मुलगा गमावला होता त्या घराच्या गॅरेजमध्ये तीन पोरं रोज भुताखेतांची, प्रेतांची, थडग्यांची गाणी किंचाळत होती, आणि आई जेन त्यांना हाकलून देत नव्हती. पुढे आयुष्यभर ती चकच्या बाजूने उभी राहिली.

१९८४ मध्ये मँटसने पहिला डेमो केला, 'डेथ बाय मेटल'. आता इथे जरा थांबून डेमो म्हणजे काय ते सांगतो, कारण लॅपटॉपवर एका रात्रीत ट्रॅक बनवून अपलोड करणाऱ्या आपल्या पिढीला ते चटकन कळत नाही.

तेव्हा रेकॉर्डिंग स्टुडिओ तासावर भाड्याने मिळायचा आणि भाडं पोरांच्या खिशाबाहेरचं असायचं. मग पर्याय दोन. एक, खोलीत मधोमध साधा टेपरेकॉर्डर ठेवायचा, बटण दाबायचं आणि सगळ्यांनी एकदम वाजवायचं. ड्रमचा आवाज सगळ्यात मोठा, त्यामुळे टेपवर निम्म्याहून जास्त ड्रमच. दुसरा, फोर-ट्रॅक मशीन. टास्कॅम कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आणलं, ज्यात साध्या ऑडिओ कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करता यायचे. आधी ड्रम, मग गिटार, मग आवाज, असं एकावर एक चढवायचं आणि शेवटी मिक्स करायचं. कॅसेटची फीत असते ३.८१ मिलिमीटर रुंद. तिच्यावर चार ट्रॅक बसवायचे म्हटल्यावर एकेका ट्रॅकच्या वाट्याला मिलिमीटरभरही रुंदी येत नाही. फीत साधारण पावणेपाच सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने पळते. कमी रुंदी आणि कमी वेग म्हणजे सिग्नल टू नॉइज रेशोची बोंब. म्हणून जुन्या डेमोंच्या मागे तो सततचा 'सूऽऽ' आवाज ऐकू येतो.

हा झाला डेमो करण्याचा भाग. खरी मारामारी पुढे, तो लोकांपर्यंत पोचवण्याची. रेडिओवर हे संगीत कुणी लावणार नाही. दुकानदार ठेवणार नाही. मग एक अफलातून व्यवस्था होती, टेप ट्रेडिंग. जगभर पसरलेली काही शे येडी पोरं एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवायची. तुझ्याकडच्या कॅसेटींची यादी मला पाठव, माझी मी तुला पाठवतो, तू हे कॉपी करून दे, मी ते देतो. पैशांचा व्यवहार बहुतेक नाहीच. सोबत हाताने लिहिलेलं पत्र, आणि पाकिटात रिकामी जागा दिसली की आपल्या किंवा दोस्ताच्या बँडचं झेरॉक्स केलेलं छोटं पत्रक कोंबायचं. ते पत्रक पुढच्या पाकिटातून तिसऱ्या देशात जायचं. शिवाय फॅनझीन असायची, म्हणजे टाइपरायटरवर बडवलेली, कात्री-डिंकाने जुळवलेली आणि झेरॉक्स काढलेली मासिकं. ह्यांत डेमोचं परीक्षण आणि बँडचा पत्ता छापून यायचा. इंग्लंडच्या 'मेटल फोर्सेस' मासिकात तर डेमोंच्या परीक्षणाचं खास सदर होतं.

टपालखर्च हा मोठाच प्रश्न. त्यावरही जुगाड निघाला होता. तिकिटावर डिंकाचा पातळ थर द्यायचा. पोस्टाचा शिक्का त्या थरावर पडतो. पलीकडच्याने तिकीट पाण्यात भिजवलं की शिक्का धुऊन जातो आणि तेच तिकीट परतीच्या पाकिटाला! जगात कुठेही जा, विद्यार्थी सारखाच.

पण ह्या व्यवस्थेला एक तांत्रिक रोग होता. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. प्रत्येक वेळी नवी फीत आपला नवा 'सूऽऽ' मिसळते. दोन सारख्या ताकदीचे, एकमेकांशी संबंध नसलेले नॉइज एकत्र झाले की पातळी तीन डेसिबलने वाढते, हे आपण सेकंड इयरला शिकतोच. शिवाय प्रत्येक डेकचं हेड किंचित वेगळ्या कोनात बसवलेलं, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात. दोन डेकचा वेग तंतोतंत सारखा नसला तर सूरसुद्धा हलतो. चौथ्या-पाचव्या कॉपीत झांजा म्हणजे नुसती वाळू चाळल्याचा आवाज, आणि गिटार म्हणजे लांबून ऐकू येणारा ट्रक. माझा स्वतःचा एक तर्क आहे, पुराव्याशिवायचा, की ह्या गढूळ आवाजाचा डेथ मेटलला फायदाच झाला. दूरदेशी बसलेल्या पोरांना ती वाळू आणि तो ट्रक हाच मूळ हेतू वाटला असणार, आणि मग त्यांनी मुद्दाम तसंच वाजवायला सुरुवात केली असणार.

कॅसेटच्या ह्या साखळीतून नशीब उघडतं हे चकच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं. कॅलिफोर्नियातल्या मेटॅलिका नावाच्या पोरांनी १९८२ मध्ये 'नो लाइफ टिल लेदर' हा डेमो केला, तो हातोहात कॉपी होत न्यू जर्सीच्या एका रेकॉर्ड दुकानदारापर्यंत पोचला आणि १९८३ मध्ये त्याने ह्यांना बोलावून पहिला अल्बम काढून दिला. मेटॅलिकाचं झालं, मग आपलं का नाही?

न होण्याची कारणं भरपूर होती. फ्लोरिडात तेव्हा हे संगीत ऐकणारं जवळपास कुणी नव्हतं. नंतर टँपा शहर डेथ मेटलची राजधानी म्हणून प्रसिद्ध झालं खरं, पण १९८४ मध्ये तिथे चकसारखीच धडपडणारी एकदोन टोळकी होती एवढंच. त्यात ह्या तिघांची आपापसांत भांडणं. १९८४ च्या अखेरीस मँटस मोडला आणि थोड्याच दिवसांत तीच माणसं 'डेथ' नावाने पुन्हा एकत्र आली. ऑक्टोबर १९८४ मध्ये 'रेन ऑफ टेरर' हा डेमो, मार्च १९८५ मध्ये 'इन्फर्नल डेथ'. बास वाजवणारा मिळेना, म्हणून हे डेमो बासशिवायच! खालचा सगळा भार गिटारने उचललेला. ऐकताना आपल्याला वाटतं मुद्दाम केलेला रॉ साउंड आहे. प्रत्यक्षात गावात माणूस नव्हता.

पण कॅसेटी फिरत होत्या. युरोपात, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला 'डेथ' हे नाव माहीत झालं होतं. गंमत बघा, जगभरच्या फॅनझीनमध्ये तुमचं नाव छापून येतंय आणि तुमच्या स्वतःच्या गावात तुमचं कुणी ऐकत नाही. रेकॉर्ड कंपनी तर कुठेच नाही.

मिशिगनच्या फ्लिंट शहरात 'जेनोसाइड' नावाचा असाच एक बँड होता. त्यातले दोघे, स्कॉट कार्लसन आणि मॅट ओलिव्हो, ह्याच कॅसेट-पत्रांच्या वर्तुळातून चकला ओळखत होते. १९८५ मध्ये ते दोघे बाडबिस्तरा घेऊन फ्लोरिडाला आले. रिक रॉझला काढलं. आता बास आला, दुसरा गिटारवाला आला, वाटलं जमलं. तर कॅम ली निघून गेला. ड्रमर नाही! काही दिवस वाट बघून फ्लिंटवाले परत फ्लिंटला. (ह्याच दोघांच्या बँडने पुढे 'रिपल्शन' हे नाव घेतलं आणि ग्राइंडकोअरवाले आजही त्यांना मानतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

इथून पुढचं वर्ष मला ह्या सगळ्या आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. अल्बम वगैरे नंतरचे. अठरा वर्षांचा मुलगा, शाळा सुटलेली, बँडमध्ये तो एकटा उरलेला. त्याने ठरवलं की माणसं इथे येत नाहीत तर आपण माणसांकडे जायचं. १९८५ च्या शरदात तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. ओरलँडोपासून रस्त्याने साधारण साडेचार हजार किलोमीटर, म्हणजे कन्याकुमारी ते काश्मीर करून वर आणखी काही. तिथे डी.आर.आय. ह्या बँडमधून आलेला एरिक ब्रेक्ट हा ड्रमर मिळाला. पण त्याची ओढ नुसत्या वेगाकडे, आणि चकला जड, वळणं घेणारी गाणी हवी होती. जमलं नाही. डिसेंबरमध्ये हात हलवत परत फ्लोरिडा.

जानेवारी १९८६. टोरंटोच्या 'स्लॉटर' नावाच्या बँडने बोलावलं, तुझा बँड राहू दे, आमच्यात ये. फ्लोरिडाचं ऊन अंगात मुरलेला पोरगा कॅनडाच्या ऐन जानेवारीत जाऊन पोचला. साधारण दोन आठवडे टिकला. दुसऱ्याच्या गाण्यात आपण वाजवायचं हे काही त्याला पटेना. पुन्हा घर.

विचार करा, घरी काय बोलणी होत असतील. शेजारी काय म्हणत असतील. आपल्याकडे एखादा इयर ड्रॉप लागला तर सुट्टीत गावी जायला तोंड लपवतो आपण. ह्याने तीन वर्षांत तीन डेमो केले, दोनदा घर सोडलं, दोनदा परत आला, आणि हातात काय, तर जगभर फिरत असलेल्या, कुणी पैसे न दिलेल्या कॅसेटी. इथे त्याने गिटार विकून हॉटेलात नोकरी धरली असती तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. त्याला स्वयंपाकाची आवडही होती. संगीत नसतं तर आपण आचारी किंवा गुराढोरांचा डॉक्टर झालो असतो असं तो सांगायचा. प्राण्यांवर त्याचा भारी जीव.

तो पुन्हा कॅलिफोर्नियाला गेला.

ह्या वेळी भेटला ख्रिस रायफर्ट. वय वर्षं सतरा, ड्रमर. दोघेच. ना दुसरी गिटार, ना बास. दोघांनी एप्रिल १९८६ मध्ये तीन गाण्यांचा डेमो केला, 'म्युटिलेशन'. 'लँड ऑफ नो रिटर्न', 'झाँबी रिच्युअल' आणि 'म्युटिलेशन'. आधीचे डेमो आणि हा डेमो लागोपाठ ऐकलात तर फरक दुसऱ्या मिनिटाला कळतो. आधीच्यांत तीन पोरं एकमेकांच्या पुढे धावताहेत. ह्यात गिटार आणि ड्रम एकत्र थांबतात, एकत्र वळतात, आवाज स्वच्छ आहे. न्यूयॉर्कच्या काँबॅट रेकॉर्ड्स कंपनीने हा डेमो ऐकला आणि करार देऊ केला. काँबॅट म्हणजे ज्यांनी १९८५ मध्ये मेगाडेथचा पहिला अल्बम काढला होता ते लोक.

सुटलो, असं वाटलं असेल ना? आधी फ्लोरिडात रेकॉर्डिंग झालं. ते कंपनीला पसंत पडलं नाही. पुन्हा करा! मग नोव्हेंबर १९८६ मध्ये हॉलिवूडच्या म्युझिक ग्राइंडर स्टुडिओत रँडी बर्न्स ह्या निर्मात्याच्या हाताखाली सगळं नव्याने. चकने गिटार वाजवली, बासही स्वतःच वाजवला आणि गायलाही स्वतःच. रायफर्टने ड्रम. अल्बमवर जॉन हँड म्हणून आणखी एका गिटारवाल्याचं नाव छापलेलं आहे, त्याने प्रत्यक्षात एक सूरही वाजवलेला नाही. बहुधा बँड तीन माणसांचा दिसावा असं वाटलं असेल. मे १९८७ मध्ये 'स्क्रीम ब्लडी गोर' बाजारात आला. चकला नुकतंच विसावं लागलं होतं. म्हणजे माझं आज जे वय आहे ते.

जगातला पहिला डेथ मेटल अल्बम कुठला, ह्यावर मेटलवाल्यांत अखंड भांडण चालतं. एक पक्ष म्हणतो हाच. दुसरा म्हणतो सॅन फ्रान्सिस्को भागातल्या 'पझेस्ड' बँडचा १९८५ चा 'सेव्हन चर्चेस', आणि १९८४ मधल्या त्यांच्या डेमोचं तर नावच 'डेथ मेटल'. माझं मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतं. आणि तो घशातून ओढलेला आवाज कुणाचा, तर बरेच जण श्रेय कॅम लीला देतात. लोक चकला 'डेथ मेटलचा बाप' म्हणायला लागले तेव्हा त्यालाही ते आवडायचं नाही. ह्या संगीताचा मी एकटा मालक नाही, असंच त्याचं म्हणणं असायचं.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळतात. रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि त्याने 'ऑटॉप्सी' काढला. चक फ्लोरिडाला परतला. १९८८ च्या 'लेप्रसी'मध्ये चक्क रिक रॉझ परत आला, हो, तोच काढून टाकलेला. हा अल्बम टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला आणि त्यानंतर तिथे जगभरचे बँड रांग लावू लागले. १९९० मध्ये 'स्पिरिच्युअल हीलिंग'. त्या वर्षीच्या युरोप दौऱ्याच्या तोंडावर चकने नियोजन धड नाही म्हणून जायला नकार दिला, तर बँडचे बाकीचे दोघे दुसरीच माणसं बरोबर घेऊन 'डेथ' नावाने दौरा करून आले! परतल्यावर अर्थात हकालपट्टी.

चकबरोबर काम करणं सोपं नव्हतं हे उघड आहे. सात अल्बम निघाले आणि एकाही अल्बमला आधीची अख्खी टीम टिकली नाही. त्याचे भक्त म्हणतात तो परफेक्शनिस्ट होता. मला वाटतं, ज्या मुलाने अठराव्या वर्षी सगळे सोडून गेलेले पाहिले, तो पुन्हा कुणावर पूर्ण विसंबलाच नाही. पण ह्याच सवयीतून एक मोठी गोष्ट घडली. ह्यापुढे बँड म्हणजे मी आणि त्या त्या कामाला लागतील ती उत्तम माणसं, असं त्याने ठरवून टाकलं. १९९१ च्या 'ह्यूमन'साठी त्याने मायामीच्या 'सिनिक' बँडचे पॉल मॅसव्हिडल आणि ड्रमर शॉन रायनर्ट ह्यांना घेतलं. दोघेही विशीत पाऊल टाकणारे, कान जॅझने तयार झालेले. बासवर स्टीव्ह डिजॉर्जिओ. पहिल्या अल्बमपासून चार वर्षांत प्रेतं-झाँबी गायब झाले होते. आता गाणी माणसांच्या ढोंगाबद्दल, विश्वासघाताबद्दल. ताल असे की मोजता मोजता बोटं संपतात. ज्यांना हे संगीत म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो त्यांनी ह्या अल्बममधलं 'कॉस्मिक सी' ऐकावं. त्यात शब्दच नाहीत, त्यामुळे ओरडण्याचा प्रश्न येत नाही.

मग १९९३ चा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स', १९९५ चा 'सिंबॉलिक' (होस्टेलमध्ये सुरुवात करायची तर इथून करा), १९९८ चा 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स'. पण त्याला आता किंचाळायचा कंटाळा आला होता. खरं सुरेल गाणारा गायक घेऊन वेगळं काही करायचं होतं. त्यासाठी 'कंट्रोल डिनाइड' नावाचा दुसरा बँड, गायक टिम एमार. म्हणजे बत्तिशीच्या उंबरठ्यावर, नाव झालेलं असताना, माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करत होता. पुन्हा नवं नाव, पुन्हा डेमो.

१९९९ मध्ये मानेच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं. रोज तासन्तास गिटार गळ्यात अडकवणारा माणूस, शीर दबली असेल असंच वाटलं. मालिशवाले, अॅक्युपंक्चर, सगळं झालं. शेवटी एम.आर.आय. झाला. १३ मे १९९९ ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, निदान कळलं. मेंदूच्या देठात ट्यूमर. मेंदूच्या देठात म्हणजे श्वास, गिळणं, तोल हे सगळं जिथून चालतं त्या जागी. रेडिएशन झालं. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला ऑपरेशन झालं, जवळजवळ निम्मी गाठ काढता आली.

आणि इथे पुन्हा पैशांचाच प्रश्न. सात अल्बम, जगभर चाहते, आणि इस्पितळाचं बिल भरण्याइतके पैसे नाहीत. अमेरिकेत विमा नसेल तर अशा ऑपरेशनचा खर्च हजारो डॉलरांत जातो. घरच्यांनी होतं नव्हतं ते लावलं. अमेरिकेत आणि युरोपात बँडनी त्याच्यासाठी मदतीचे कार्यक्रम केले, चाहत्यांनी पैसे पाठवले. मला ते वाचताना टेप ट्रेडिंगच आठवत होतं. पुन्हा तीच अनोळखी माणसं, तीच पाकिटं, फक्त आत कॅसेटच्या ऐवजी चेक.

कंट्रोल डिनाइडचा पहिला अल्बम १९९९ च्या अखेरीला निघाला होता. ऑपरेशननंतर अशक्त झालेला चक दुसऱ्यावर काम करत होता. २००१ मध्ये ट्यूमर परत आला. उपचारांनी शरीर पोखरून निघालं होतं, त्यात न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ च्या दुपारी चक गेला. चौतीस वर्षांचा होता. निदान १३ तारखेला, जन्म १३ तारखेला, मृत्यू १३ तारखेला. त्याच्या चाहत्यांत ह्यावर बरंच काही बोललं जातं, मी स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिलेला असल्याने गप्प बसतो.

दुसरा अल्बम अर्धाच राहिला. त्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगवरून रेकॉर्ड कंपनी आणि कुटुंब ह्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. कुटुंबाचा विरोध असताना २००४ मध्ये त्यातली गाणी बाजारात आली. ज्या मुलाने आपला डेमो कुणीतरी ऐकावा म्हणून कॅनडापर्यंत पायपीट केली, त्याच्याच शेवटच्या डेमोसाठी वकील लावावे लागले. सगळी सूत्रं आई जेनने हातात घेतली होती. चकची गाणी कोण काढणार, कशी काढणार ह्यावर ती लक्ष ठेवायची आणि चाहत्यांच्या पत्रांना उत्तरंही द्यायची.

ऐकायचं असेल तर क्रम सांगून ठेवतो. आधी 'इन्फर्नल डेथ', मग 'म्युटिलेशन', मग एकदम 'ह्यूमन'. तिन्ही मिळून तासाभराच्या आत होतं. पहिल्या दोन टेपांसाठी हेडफोनचा आवाज आधीच कमी ठेवा, सुरुवातीचा तो 'सूऽऽ' बराच मोठा आहे. आणि रूममेट झोपला असेल तर स्पीकरवर लावू नका. आमच्या विंगमध्ये हा प्रयोग एकदा झालेला आहे, वॉर्डन वर आले होते.